सहलीचा कच्चा टाका

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार. भाऊजींना वेगळा नमस्कार, आणि तुझ्या सासूबाईंना त्यांच्या गुडघ्यांना धक्का न लावता नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो, कारण बरे नसता तर तुझा फोन आला असता. इकडे बाबांचा खोकला कमी आहे. आईची पाठ आहे तशीच आहे (म्हणजे दुखते, पण तुला कळवायचं नाही असं तिने बजावलं आहे, म्हणून कळवत नाही). माझं म्हणशील तर घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. डॉक्टर म्हणतात की काही अडकलेलं नाही, आणि त्यांनी बॅटरी लावून पाहिलं आहे. पण बॅटरीचा उजेड जरा पिवळा होता.

पत्र लिहायचं कारण असं की शनिवारी जे झालं ते आईने तुला फोनवर सांगितलं. ती बोलत होती तेव्हा मी आतल्या खोलीत इस्त्री करत होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं. तिच्या सांगण्यात थोडी दुरुस्ती हवी आहे. मी घर सोडून गेलो नव्हतो. मला विसरण्याचा आजार झालेला नाही. आणि पोलिसांनी मला धरून नेलं नाही, मी त्यांच्याबरोबर आपल्या पायांनी चालत गेलो, उलट शेवटी शेवटी तर हवालदारच मागे राहिला होता. हे सगळं फोनवर सांगायला गेलो की तू मध्येच हसतेस आणि मला पुढचं आठवत नाही, म्हणून लिहून कळवतो. शाळा मी आठवीत सोडली, पण शुद्धलेखन सोडलेलं नाही, हे तू जाणतेसच (दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांना टाचायच्या चिठ्ठ्या अजून मीच लिहितो, आणि आमचे टेलर मास्तर म्हणतात की या पोराला एक वेळ बाही उलटी लागेल, पण वेलांटी उलटी लागायची नाही).

तर बंब. बंबला तू विसरली नसशील. तू शहरात राहायला निघालीस तेव्हा बसस्टँडवर बाबांच्याही आधी जो रडायला लागला तो. लहानपणापासून पटकन तापतो आणि तापला की नुसती वाफ सोडतो, म्हणून त्याला बंब म्हणतात, आणि देवाची करणी अशी की नोकरी लागली ती बर्फाच्या कारखान्यात. इतकी वर्षं तो तिथल्या तळघरात बर्फाच्या लाद्या ओढतो आहे. आता त्याला लांब बंदरावरच्या शीतगृहात काम मिळालं आहे. पगार बरा आहे, पण दोन वर्षं सुट्टी नाही. येत्या सोमवारी त्याला तुमच्या शहरातूनच पुढची गाडी धरायची आहे. जाण्याआधी त्याची एकच इच्छा होती. शनिवार-रविवार आम्ही दोघांनी मिळून शहर पाहायचं, आणि तिथे ती काचेची लिफ्ट असलेली उंच इमारत आहे तिच्यात वर जायचं. त्याचं म्हणणं असं की आयुष्य जमिनीखाली गेलं, निदान एकदा सगळ्यांच्या डोक्यावरून खाली बघू दे.

ही सहल आम्ही आजच ठरवलेली नाही. गेली काही वर्षं आम्ही ती ठरवतो आहोत आणि दर वेळी ती माझ्याकडून राहते. एकदा आभाळ आलं होतं. एकदा मला शिंक आली होती. एकदा तर आम्ही गाडीत चढून बसलो होतो, पण ड्रायव्हर जांभई देताना दिसला म्हणून मी उतरलो आणि बंबही माझ्यामागून उतरला (गाडी सुखरूप पोहोचली असं नंतर कळलं, पण ते आधी कोणाला माहीत असतं?). म्हणून या वेळी बंब दुकानात आला, माझ्या मशीनवर कोपर टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "हे बघ, आता नाही तर दोन वर्षांनी. आणि दोन वर्षांनी आपण कोण असू कोणास ठाऊक." मास्तर कात्री थांबवून माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणालो.

मग मी नीट आखणी केली. सहल स्वस्तात बसवायची होती. आमच्या दोघांच्या बचतीचा बिस्किटांचा डबा असतो, तो काही भरलेला नव्हता. तुमच्याकडे उतरणं सगळ्यात स्वस्त पडलं असतं हे कळत होतं, पण तुझ्या सासूबाईंना आवाज सहन होत नाही आणि बंब कुजबुजला तरी पलीकडच्या बिऱ्हाडात भांडण चाललं आहे असं वाटतं. म्हणून साधा लॉज, खाणं ठेल्यावर, फिरणं पायी. इथवर सगळं ठीक होतं. पण जसजसा दिवस जवळ यायला लागला तसतसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. अनोळखी गादीवर झोप लागेल का? रस्ता विचारला तर लोक सांगतील की हसतील? रिक्षावाला गोल गोल फिरवेल तेव्हा गोल फिरतो आहोत हे कळणार कसं? बॅग चोरली तर ओरडायचं काय? मला तर घाबरलो की आवाजच फुटत नाही.

आणि ताई, इथे माझा धंदा आडवा आला. तुला माहीत आहे, आमच्याकडे कोट असो की साधी पँट, आधी पांढऱ्या दोऱ्याने कच्चा टाका घालतात, गिऱ्हाइकाला बोलावून ट्रायल घेतात, कुठे ओढतंय, कुठे फुगतंय ते बघतात, आणि मग कच्चा टाका उसवून पक्की शिलाई मारतात. ट्रायल न घेता पक्की शिलाई मारणारा शिंपी म्हणजे पोहता येत नसताना उडी मारणारा. मला वाटलं, जी काळजी आपण परक्याच्या पँटसाठी घेतो ती स्वतःच्या सहलीसाठी का घेऊ नये? म्हणून मी बंबला सांगितलं की जायच्या आधीच्या शनिवार-रविवारी आपण सहलीची ट्रायल घेऊ. आपल्याच गावात.

बंबने आधी वाफ सोडली. मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दोन दिवस तू बरोबर असणार ना? मग चल. कुठे का असेना." मला वाटलं त्याला कल्पना आवडली.

ट्रायलचा नियम एकच होता, की आपण या गावात नवे आहोत आणि कोणाला ओळखत नाही. घरी मी फक्त दोन दिवस बाहेर जातो आहे एवढंच सांगितलं (सगळं सांगितलं असतं तर ट्रायल कसली). आईने डबा दिला. मी बॅग घेऊन स्टँडवर गेलो, एका गाडीच्या मागच्या बाजूने फिरून, जणू तिच्यातून आत्ताच उतरलो असा समोर आलो आणि बंबबरोबर समोरच्या लॉजमध्ये गेलो. लॉजचा मॅनेजर आमचं गिऱ्हाईक आहे. त्याची करड्या रंगाची पँट आमच्याकडे शिवायला पडली आहे. मला बघताच तो आनंदाने म्हणाला, "काय, पँट घेऊन आलास?" नियमाप्रमाणे मी विचारलं, "कुठली पँट?" बिचाऱ्याच्या तोंडाचं पाणी पळालं. मग रजिस्टर पुढे केलं. त्यात पत्ता लिहायचा होता, तो मी खरा लिहिला, कारण खोटा पत्ता लिहिणं गुन्हा आहे. येण्याचं कारण या रकान्यात 'पर्यटन' लिहिलं. मॅनेजरने तो पत्ता वाचला, दारातून दिसणाऱ्या आपल्या गल्लीकडे बघितलं, पुन्हा 'पर्यटन' वाचलं, आणि किल्ली दिली. नंतर कळलं की त्याने आम्ही जिना चढत असतानाच मास्तरांना फोन करून पँट शाबूत आहे का ते विचारलं.

खोली तशी स्वच्छ होती. खाट एक, उशा दोन, पंखा फिरताना एका ठिकाणी खाकरायचा. गादी मी आधी काठाने, मग मधोमध, मग आडवं होऊन तपासली. बंब खिडकीशी उभा होता. तो म्हणाला, इकडे ये, काय छान दिसतंय. मी गेलो, तर समोर आपल्याच घराची गच्ची, आणि गच्चीवर आई कपडे वाळत घालत होती. हातात बाबांचा शर्ट, तोंडात चिमटा. तिने वर बघितलं. ताई, सकाळी ज्याला डबा देऊन गावाला पाठवला तो मुलगा समोरच्या लॉजच्या खिडकीत. मी नियमाप्रमाणे ओळख दाखवली नाही. पडदा ओढला. तो पडदा हातात आला. मग मी खाली बसलो, आणि आईला वाटलं मी तिच्यापासून लपतो आहे. (मी लपत नव्हतो. पण बसलो होतो हे खरं.) बंब मात्र खिडकीतून तिला हात करून हसला, आणि मी त्याला नियमाची आठवण करून दिली. पहिला नियमभंग त्याचाच, हे लक्षात असू दे.

त्यानंतर आम्ही रस्ता विचारायची ट्रायल घेतली. मला असा रस्ता विचारायचा होता की ज्याचं उत्तर चुकलं तरी आपण हरवणार नाही, म्हणून मी घड्याळाचा मनोरा निवडला, आणि जास्त चालावं लागू नये म्हणून मनोऱ्याखालीच उभा राहिलो. तेवढ्यात आपले पोस्टमन काका सायकल ढकलत आले. मी अदबीने विचारलं की घड्याळाचा मनोरा कुठे आहे. त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग सायकल भिंतीला लावून माझ्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, "बाळा, मला ओळखलंस का?" आता नियम म्हणजे नियम. मी म्हणालो, "माफ करा, आपण कोण?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (हे मला अजून खातं. त्यांनी तुझी पत्रं आणून दिली आहेत, माझा आठवीचा निकालही त्यांनीच आणला होता आणि तो देताना पाठीवर हात ठेवला होता.) त्यांनी माझा हात धरला आणि थेट दवाखान्यात नेलं. वाटेत भेटेल त्याला हळू आवाजात सांगत होते की पोराला काही आठवत नाहीसं झालंय, बोलू नका त्याच्याशी मोठ्याने. दवाखान्यात मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, आणि आलोच आहे तर घसाही दाखवून घेतला. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली आणि पोस्टमन काकांना सांगितलं की याला काही झालेलं नाही, हा पहिल्यापासून असाच आहे. काका गेले, पण ती बातमी त्यांच्या आधीच पुढे गेली होती.

बाहेर आलो तर बंब पायरीवर बसून हसत होता. हसणं थांबल्यावर म्हणाला, चल, नदीवर जाऊन बसू जरा. मी म्हणालो, अजून रिक्षाची ट्रायल राहिली आहे.

रिक्षा फुकट गेली. रिक्षावाला बंबच्या कारखान्यातल्या मुकादमाचा भाऊ निघाला. मी त्याला सांगितलं, आम्ही नवे आहोत, जायचं ते तुमच्या रस्त्याने न्या. तो म्हणाला, मस्करी करता का गरिबाची, आणि सरळ रस्त्याने नेऊन सोडलं आणि पैसेही घेईना. खाणावळीतही तेच. वाढपी बंबचा चुलतभाऊ, त्याने न मागता दुसऱ्यांदा वाढलं आणि बिल आणलंच नाही. दिवस अर्धा सरला आणि आम्हाला फसवायला कोणी तयार होईना. इतकी चांगली माणसं आजूबाजूला असली की शहरात माणसाचं कसं होणार, या विचाराने माझी भूकच गेली. बंबने माझ्या ताटातलंही संपवलं आणि म्हणाला, "दुपारचा सिनेमा बघू या का? झोप आली तरी चालेल." मी म्हणालो, एकदा चोरीची ट्रायल झाली की मग मोकळे.

चोरीच्या ट्रायलसाठी मी स्टँडवर बॅग बाकड्यावर ठेवली आणि पाठ करून उभा राहिलो. कोणी हात लावला नाही. जागा बदलली. तेव्हा एका आजीबाईंनी ती बॅग उचलली, पदराने पुसली आणि माझ्या मागे येऊन हातात दिली, वर चार शब्द सुनावले. शेवटी मी बंबला सांगितलं की तूच चोर हो. तू बॅग उचलून पळ, मी ओरडतो, लोक काय करतात ते बघू. बंब यावर काही बोलला नाही. आता आठवतं की तो त्याआधीही बराच वेळ बोलत नव्हता, आणि बंब बोलत नाही म्हणजे काय ते आपल्या घरात सगळ्यांना कळतं, फक्त त्या वेळी माझं लक्ष बॅगेच्या चेनकडे होतं. त्याने बॅग उचलली आणि चालायला लागला. पळ म्हणालो होतो, तो नुसता चालत होता. मी आवाज फुटतो का ते बघत होतो, आणि तो नेमका फुटला. चोर, चोर असं मी इतक्या मोठ्याने ओरडलो की स्वतःच दचकलो.

स्टँडवरचे सगळे आम्हाला ओळखतात, त्यामुळे कोणी हललं नाही. चहावाल्याने तर किटलीवरून मान वर करून म्हटलं की बंबने कोणाचं काय चोरलं, जाऊ दे त्याला, घामाघूम झालाय. पण एक नवा हवालदार त्याच आठवड्यात बदलून आला होता, आणि गावात आम्हाला न ओळखणारा तो एकटाच माणूस. (म्हणजे ज्याला आम्ही सकाळपासून शोधत होतो तोच.) त्याने बंबचा हात धरला, मला मागे यायला सांगितलं आणि चौकीत नेलं.

हवालदार माणूस भला होता. त्याने दोघांना बसायला बाक दिला. बंबला विचारलं, बॅग कोणाची. बंब म्हणाला, याची. तू उचललीस? हो. का उचललीस? याने सांगितलं म्हणून. हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "हा तुझा कोण?" बंबने माझ्याकडे बघितलं. सरळ बघितलं आणि म्हणाला, "मी याला ओळखत नाही."

ताई, तुझ्यापासून काय लपवायचं. मला वाटलं, सकाळपासून नियम मोडणारा बंब ऐन पोलिसांसमोर नियम पाळतो आहे. माझा ऊर भरून आला. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "शाबास." हवालदाराने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि चहा मागवला. तो बहुतेक स्वतःसाठीच होता.

तेवढ्यात बाबा आले. त्यांना आईने लॉजवर पाठवलं होतं, लॉजवरून दवाखान्यात, दवाखान्यातून स्टँडवर, असे ते माझ्या ट्रायलच्या मागे मागे सगळी सहल पायी करून आले होते. त्यांच्या हातात माझा टॉवेल होता, मी घरी विसरलेला. बाबांनी हवालदाराला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण तो हसला आणि बॅग परत दिली. बाहेर आल्यावर बाबांनी टॉवेल माझ्या खांद्यावर ठेवला आणि विचारलं, खोलीचे पैसे भरलेत का. मी हो म्हणालो. मग ते आमच्याबरोबर लॉजवर आले, खाटेवर बसले, उशी दोन्ही हातांनी दाबून बघितली आणि म्हणाले, "आपल्यापेक्षा बरी आहे." आणि निघून गेले. आईने तुला जे सांगितलं की बाबा लॉजवर जाऊन खूप रागावले, ते एवढंच.

बंब जिन्याखालीच उभा होता. वर आलाच नाही. मी खाली गेलो तेव्हा त्याने वाफ सोडली नाही, हीच खरी भीतीची गोष्ट. शांतपणे म्हणाला, "मी तुझ्याबरोबर फिरायला आलो होतो. दिवसभर तू मात्र काय काय बिघडेल त्याच्याबरोबर फिरत होतास. मी मागून चालत होतो." मी सांगायला गेलो की हे सगळं पुढच्या शनिवारी काही बिघडू नये म्हणूनच, तर तो म्हणाला, पुढच्या शनिवारी तू येऊ नकोस, मी शुक्रवारीच जातो, एकटा. आणि गेला. त्या खोलीत मी एकटाच झोपलो, कारण पैसे भरलेले होते. उशी खरंच बरी होती. दुसऱ्या उशीचं काय करायचं ते कळेना, म्हणून ती भिंतीशी उभी करून ठेवली.

तेव्हापासून बंब दुकानाकडे फिरकलेला नाही. तुला त्याचा फोन आला हे आईकडून कळलं, आणि तू त्याला शुक्रवारी तीन रात्रींसाठी तुमच्याकडेच ये म्हणालीस हेही. हे फार बरं केलंस. लॉजमध्ये त्याला एकट्याला करमलं नसतं.

सोमवारी कामावर गेलो तर मास्तरांना सगळं आधीच माहीत होतं. ते फक्त म्हणाले, वरच्या दांडीवरची धूळ झटक. वरच्या दांडीवर एक काळा कोट आहे, मी कामाला लागलो त्याच्या आधीपासूनचा. कोण्या एका नवरदेवाचा. तो दर ट्रायलला यायचा, आरशात बघायचा आणि म्हणायचा, खांद्यात अजून जरा बघा. असं करता करता मुलीकडचे कंटाळले आणि तिचं लग्न दुसरीकडे झालं. तो माणूस अजून या रस्त्याने जातो, पण आमच्या दुकानासमोरून जाताना पलीकडच्या बाजूने जातो. कोट उत्तम आहे. कापड अजून मऊ आहे. फक्त सगळीकडे पांढरा कच्चा टाका तसाच आहे. मी तो झटकला आणि पुन्हा अडकवला, आणि मास्तरांना विचारलं की बंबच्या दोन पँटींचं कापड कुठे आहे.

त्या पँटी त्याने बंदरावर घालायला शिवायला टाकल्या होत्या, ट्रायल व्हायची होती. ताई, मी त्या एका बैठकीत शिवल्या. कच्चा टाका घातला नाही. ट्रायलला त्याला बोलावलं नाही. सरळ पक्की शिलाई मारली, दुहेरी. मास्तर चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले, पण अडवलं नाही. गुडघ्याला आतून एक जास्तीचा तुकडा लावला आहे, कारण लादी उचलताना तो डावा गुडघा टेकवतो. शिलाई सरळ आली.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना सांगावं की त्यांनी पाठवलेला शर्ट मला खांद्यात होतो (नाही होत, पण तो मी उसवून नीट करून घेतला आहे). सासूबाईंच्या गुडघ्यांना आराम पडो.

तुझा धाकटा

ता. क. – हे पत्र पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, पँटींबरोबर बंबच्या आईकडे देतो आहे, म्हणजे शुक्रवारी तो येताना घेऊन येईल. आत काय आहे ते त्याला सांगू नको. आता मुख्य गोष्ट. शनिवारी सकाळी त्याला कुठेही एकट्याला जाऊ देऊ नको, विशेषतः त्या लिफ्टकडे. काहीही निमित्त काढ. तुझा फ्रिज बिघडला आहे म्हण (बिघडला नसेल तर प्लग काढून ठेव), थंडीचं काही बिघडलं की तो निघू शकत नाही. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. डब्यात उरलेल्या पैशांतून तिकीट काढून झालं आहे. कोणाला विचारलं नाही. ड्रायव्हर कोण आहे तेही बघितलं नाही.

ता. क. दुसरा – मला एका रात्रीपुरती तुमच्या पॅसेजमध्ये जागा होईल का? मी घोरत नाही आणि कूसही क्वचितच बदलतो. बंब बोलायला लागला तर त्याच्या तोंडावर उशी धरायची जबाबदारी माझी, असं सासूबाईंना सांग. फक्त तो बोलायला लागला पाहिजे.

ता. क. तिसरा – मी एकटा कधीच इतक्या लांब आलेलो नाही. तरी भाऊजींनी स्टँडवर मला घ्यायला यावं, छत्री उघडून उभं राहावं, म्हणजे गर्दीत ओळखू येतील. (आभाळ नसलं तरी उघडावी.) त्या लिफ्टला दोन्ही बाजूंनी काच आहे की एकाच बाजूने? मध्येच थांबली तर आतून हाक ऐकू जाते का? शेजारी जिना आहे का? अर्थात, असला-नसला तरी मी त्याच्याबरोबर लिफ्टनेच वर जाणार आहे. नुसतं माहीत असावं.

ताई, मी बंब. पाकीट चहाच्या किटलीवर धरलं की उघडतं, हे त्याला अजून माहीत नाही. पत्र वाचलं. शुक्रवारी मी येत नाही. हे आजच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतो, तो भाऊजींच्या दुकानापाशीच उतरतो. फ्रिजचा प्लग काढू नकोस, दूध नासेल. मी शनिवारी त्याच्याच गाडीत मागच्या सीटवर बसेन. थोडा वेळ त्याला एकट्याने येऊ दे. अर्ध्या वाटेत उठून त्याच्या शेजारी जाऊन बसेन आणि विचारेन, आपण कुठले, कुठे निघालात. पँटी बसल्या. कमरेत जरा सैल आहेत, पण ते त्याला कळता कामा नये, मी पट्टा घेतला आहे. आणि भाऊजींना छत्री घेऊन पाठवू नकोस. तुझ्या घरी आम्ही रस्ता विचारत विचारत येऊ. या वेळी त्याला तो खरंच माहीत नसेल.